गार पाण्याची साक्ष

ओंजळ पाण्यात घातली आणि बोटांच्या पेरांतून कळ गेली, इतकं ते पाणी गार होतं. दगडाच्या फटीतून येऊन ते खालच्या हातभर रुंद खळग्यात साचत होतं. तळाची वाळू त्याच्या जोराने जराशी उसळायची, पुन्हा खाली बसायची. खळग्यात एक वाळलेलं पान होतं. ते तरंगतंय की तळाला टेकलंय, हे त्याच्या सावलीवरूनच कळत होतं, एवढं पाणी निवळ. पाच तास चढून आलो होतो. दोन दिवसांपूर्वी जोराचा पाऊस होऊन गेला होता आणि आता आभाळ स्वच्छ होतं. मी तीन ओंजळी प्यायले, चौथी तोंडावर मारली. बाटली भरता भरता मित्र म्हणाला, "एवढ्या गार पाण्यात काय जगणार?" मला ते अगदी पटलं.

चौथ्या दिवशी ताप भरला. मग पोटात असा मुरडा सुरू झाला की अंथरुणातून न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जावं लागत होतं. डॉक्टरांनी तपासलं, शांतपणे विचारलं, "गेल्या आठवड्यात बाहेरचं कुठलं पाणी पोटात गेलं का?" मी झऱ्याचं सांगितलं, आणि लगेच जोडलं, "पण ते अगदी बर्फासारखं होतं." त्यांनी मान हलवली आणि तपासणीचा कागद लिहून दिला. अहवालात नाव आलं, कॅम्पायलोबॅक्टर. जनावरांच्या आणि पक्ष्यांच्या आतड्यात राहणारा जिवाणू. तो पाण्यातूनच आला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण मित्रही त्याच दिवशी आजारी पडला होता, आणि सोबतच्या ज्या दोघांनी आपल्या बाटलीतलंच पाणी पुरवलं होतं ते ठणठणीत होते. माझ्यापुरता निकाल लागला होता.

पडल्या पडल्या मी त्या जिवाणूबद्दल वाचायला लागले आणि गोंधळून गेले. त्याला मानवतं ३७ ते ४२ अंश सेल्सिअस तापमान. प्रयोगशाळेत त्याला वाढवतात तेही ४२ अंशांवर. पक्ष्यांच्या अंगातली ऊब साधारण तेवढीच असते. सुमारे ३० अंशांच्या खाली तो वाढत नाही. झऱ्याचं पाणी असेल जेमतेम ११ अंश. म्हणजे मित्राचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. त्या खळग्यात एकाचे दोन होणं त्या जंतूला शक्यच नव्हतं. मग आम्हाला झोपवण्याइतका तो तिथे टिकला कसा?

उत्तर त्याच पानावर जरा खाली होतं. ४ अंशांच्या पाण्यात हा जिवाणू कित्येक आठवडे तग धरतो, आणि २५ अंशांच्या पाण्यात काही दिवसांत संपतो. मी ते पुन्हा वाचलं. ज्या गारव्यावर मी विश्वास टाकला होता, त्या गारव्यानेच त्याला माझ्यासाठी जपून ठेवलं होतं.

तेव्हापासून, गेली काही वर्षं, पाण्याचं तापमान हा माझ्या ध्यासाचा विषय आहे. वाढणं वेगळं आणि तगणं वेगळं, ही एक गोष्ट डोक्यात नीट बसायला मला फार वेळ लागला. आपण दोन्हींना एकच धरतो. उष्णतेने जंतू वाढतात, म्हणून थंडीने मरत असणार, असा सरळ हिशोब असतो आपला. पाणी त्या हिशोबाने चालत नाही.

ई. कोलायचंच घ्या. १८८५ मध्ये थिओडोर एशेरिश यांनी ज्याचं वर्णन केलं तो हा आतड्यातला रहिवासी. ३७ अंशांची ऊब आणि भरपूर खाद्य मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. विष्ठेवाटे तो तळ्यात पडतो तेव्हा मात्र त्याचं सगळं जगच बदलतं. खाद्य जवळपास नाही, ऊन आहे, आणि आजूबाजूला त्याला खाणारे आहेत. जीवरसायनाचा एक ढोबळ नियम सांगतो की तापमान दहा अंशांनी वाढलं की शरीरातल्या प्रक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. तळ्याचं पाणी २५ अंशांवर असेल तर या पाहुण्याचा रोजचा खर्च जोरात चालू राहतो आणि मिळकत काहीच नसते. शिल्लक भराभर संपते. त्यातच चाबकासारखी शेपटी मारत पोहणारे एकपेशीय जीव उबेत चपळ होतात, आणि जिवाणू हाच त्यांचा चारा. पाणी ५ अंशांवर उतरलं की खर्चही मंदावतो आणि शिकारीही सुस्तावतात. उन्हाळ्यातल्या तळ्यातून जे जिवाणू काही दिवसांत नाहीसे होतात, तेच हिवाळ्यातल्या तळ्यात आठवडेच्या आठवडे काढतात.

काही जिवाणू तर याहून पुढे जातात. १९८२ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांच्या गटाने पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, जिवाणूबद्दल आणि ई. कोलायबद्दल दाखवून दिलं की प्रतिकूल पाण्यात हे जंतू एका विचित्र अवस्थेत जातात. जिवंत असतात, पण प्रयोगशाळेच्या बशीत घातले तर वाढत नाहीत. बशी रिकामी दिसते आणि पाणी निर्दोष ठरतं. पटकीच्या जिवाणूला या अवस्थेत ढकलणाऱ्या कारणांत थंडी हे मोठं कारण. पाणी पुन्हा कोमट झालं, त्यातले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढले, की त्या प्लवकांच्या अंगाला चिकटून राहिलेला हा जंतू पुन्हा जागा होतो. मला हे वाचून भीती वाटली होती, हे खरं सांगते. नंतर त्या भीतीची जागा आदराने घेतली.

आता तळ्याकडे येते, कारण तिथे गोष्ट एका तापमानाची नसतेच.

ऐन उन्हाळ्यात खोल तळ्यात पोहताना उभं राहून पाय खाली सोडले की गुडघ्यापर्यंत पाणी कोमट असतं आणि घोट्याला एकदम थंडगार पट्टा लागतो. हा अनुभव पोहणाऱ्या प्रत्येकाला असेल. ती सीमा इतकी नेमकी असते की पाय वर घेतला की ऊब, खाली सोडला की शहारा. पाणी सर्वांत जड असतं ४ अंशांना. त्याहून गरम पाणी हलकं, म्हणून उन्हाने तापलेला थर वरच राहतो आणि खालच्या गार थरात मिसळत नाही. वारा सुटला तरी वरचंच पाणी घुसळलं जातं. जिनिव्हा सरोवराचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या फ्रान्स्वा-आल्फोन्स फोरेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या सगळ्याला शास्त्राचं रूप दिलं. तलावशास्त्र म्हणून आज जे शिकवतात त्याचे ते जनक.

एकाच तळ्यात अशी दोन तळी एकावर एक ठेवल्यासारखी असतात, आणि दोन्हींतली वस्ती वेगळी. वरच्या उबदार थरात सायनोबॅक्टेरिया, म्हणजे आपण ज्यांना नीलहरित शेवाळ म्हणतो ते. हे शेवाळ नव्हे, जिवाणूच आहेत, फक्त प्रकाशावर अन्न तयार करणारे. पाणी २५ अंशांच्या वर गेलं की मायक्रोसिस्टिससारख्या जाती इतरांना मागे टाकतात. त्यांच्या पेशींत वायूच्या बारीक पोकळ्या असतात. त्यांच्या आधाराने ते वर येतात, ऊन खातात, आणि खालच्यांवर सावली धरतात. वारा पडलेला, थर न घुसळलेले, आणि शेतातून किंवा सांडपाण्यातून आलेलं फॉस्फरस हाताशी. एवढं जुळून आलं की हिरव्या रंगाचा दाट थर सकाळी काठाला येऊन लागतो. जवळून पाहिलं तर पाण्यात पीठ भुरभुरावं तसे हिरवे कण दिसतात. ओंजळीत घेतले तर बोटांना जरा बुळबुळीत लागतात. (मी हे एकदाच केलं आहे. पुन्हा करणार नाही, तुम्हीही करू नका.)

२०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराला याच कणांनी वेठीला धरलं. शहराचं पाणी ईरी सरोवरातून येतं. सरोवरात मायक्रोसिस्टिस माजला, त्याचं यकृतावर घाव घालणारं विष शुद्धीकरण केंद्राच्या पलीकडे पोहोचलं, आणि चार लाखांहून जास्त लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. दोन-तीन दिवस ते बंधन होतं. त्या सूचनेत आणखी एक ओळ होती, पाणी उकळूही नका. मायक्रोसिस्टिन हे विष उकळल्याने मोडत नाही. पाण्याची वाफ होते आणि उरलेल्यात विषाचं प्रमाण वाढतं. जंतूंच्या बाबतीत आपला शेवटचा आधार असलेली आच इथे उलटते, हे वाचल्यापासून हिरव्या पाण्याला मी वेगळं धरते. ते गाळून, उकळून प्यायचं पाणी नव्हे. ते सोडून द्यायचं पाणी.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जगभरातल्या २३५ तलावांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. उन्हाळ्यातलं पृष्ठभागाचं तापमान दर दशकाला सरासरी ०.३४ अंशाने वाढत होतं. आकडा किरकोळ वाटतो. पण वरचा थर लवकर बनणं आणि उशिरा मोडणं म्हणजे सायनोबॅक्टेरियाला लांबलेला हंगाम. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण तळं थंड कसं करायचं हे कुणाच्या हातात नाही. फॉस्फरस अडवणं तेवढं हातात आहे.

पाण्याची तपासणी प्रत्यक्ष पाहावी म्हणून एका मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत मी एक दिवस घालवला. तिथे तापमान हेच हत्यार आहे, हे मला ठाऊक नव्हतं. तळ्यातून घेतलेल्या बाटल्या बर्फाच्या पेटीत आल्या. दहा अंशांच्या खाली आणि शक्यतो सहा तासांच्या आत, असा दंडक. का, तर वाटेत कुणी वाढू नये आणि कुणी मरूही नये. जो गारवा माझ्या मुळावर आला होता, तोच इथे साक्षीदाराला जसाच्या तसा राखून ठेवत होता. मग तिने १०० मिलिलिटर पाणी एका पांढऱ्या चकतीतून ओढून घेतलं. चकतीवर चौकटी आखलेल्या, आणि तिची छिद्रं ०.४५ मायक्रॉनची, जिवाणू आत न शिरण्याइतकी बारीक. चिमट्याने ती चकती उचलून तिने बशीतल्या खाद्यावर अलगद टेकवली, खाली हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून एका कडेपासून हळूहळू. बशी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून गरम पाण्याच्या टाकीत बुडवली. टाकीवर आकडा होता ४४.५. त्यात ०.२ च्या पलीकडे फरक चालत नाही.

"हा आकडा कुठून आला?" मी विचारलं. तिने ख्रिस्तियान आइकमान यांचं नाव घेतलं. बेरीबेरी या रोगावरच्या संशोधनासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले तेच डच वैद्य. उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यातले जिवाणू ४६ अंशांवरही साखर आंबवतात आणि थंड रक्ताच्या प्राण्यांतले तसं करत नाहीत, असं त्यांनी १९०४ मध्ये मांडलं होतं. म्हणजे पाणी जरा जास्तच तापवायचं आणि कोण तग धरतो ते पाहायचं. जो तग धरेल तो कुणाच्या तरी उबदार पोटातून आलेला असण्याची शक्यता मोठी. पुढे आकडा जरा खाली आला, विचार तोच राहिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. चकतीवर निळे ठिपके उमटले होते, टाचणीच्या डोक्याएवढे. काही चौकटी रिकाम्या, काहींत तीन-चार दाटीने. तिने ते मोजताना ओठ हलवले, आवाज काढला नाही. मी पाहत राहिले. काल यातला प्रत्येक ठिपका एकच जिवाणू होता, किंवा फार तर एकमेकांना चिकटलेला छोटासा पुंजका, आणि तळ्याच्या पाण्यात तो कुणालाही दिसला नसता.

या परीक्षेचीही मर्यादा आहे, तीही तिनेच सांगितली. हवाईसारख्या उष्ण प्रदेशांत ई. कोलाय मातीतच घर करून राहतो असं आढळलं आहे. तिथे प्रवाहातला निळा ठिपका ताज्या विष्ठेची खात्री देत नाही. तळ्याच्या गाळातही तो पाण्यापेक्षा जास्त दिवस टिकतो, आणि लोक पाण्यात उतरून गाळ ढवळला की आकडा चढतो.

गरम पाण्याच्या झऱ्यांबद्दल माझा समज याच्या बरोबर उलटा होता. उकळतं पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी, एवढंच मला माहीत होतं. १९६० च्या दशकात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाच्या गरम झऱ्यांत काचेच्या पट्ट्या दोरीला बांधून सोडून ठेवत आणि काही दिवसांनी वर काढत. जवळजवळ उकळत्या पाण्यातून निघालेल्या काचांवर जिवाणूंची साय धरलेली असे. तिथल्याच मशरूम स्प्रिंगमधून १९६६ मध्ये हडसन फ्रीझ या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी जो जिवाणू वेगळा केला त्याला ७० अंश मानवतात. १९६९ मध्ये त्याचं नाव ठेवलं, थर्मस अक्वाटिकस. आज डीएनएच्या लाखो प्रती काढायच्या पीसीआरमध्ये जे उष्णतेने न मोडणारं विकर (एन्झाइम) वापरतात ते मुळात याच जिवाणूचं.

त्याच उद्यानातल्या ग्रँड प्रिझमॅटिक स्प्रिंगचं चित्र मी भिंतीवर लावलं आहे. मधोमध गर्द निळं, कारण तिथे पाणी इतकं कढत की प्रकाशावर जगणारं काहीच टिकत नाही. सुमारे ७३ अंश ही त्यांची शेवटची पायरी. पाणी कडेला पसरत, निवत जातं तशी पिवळी, मग नारिंगी, मग तांबूस कडी उमटतात. प्रत्येक कडं म्हणजे वेगळी वस्ती, आपापलं तापमान धरून बसलेली. मला ते जमिनीवर उघडा ठेवलेला थर्मामीटर वाटतो.

माणसाला धोका असतो तो तिथून पुढे, निवलेल्या पाण्यात. अंगाला सुखद वाटणारं ३५ ते ४२ अंशांचं कुंड आपल्या अंगावरच्या जंतूंनाही सुखद असतं. नेग्लेरिया नावाचा अमीबा जिवाणू खाऊन जगतो, ४६ अंशांपर्यंत आरामात वाढतो, आणि नाकातून मेंदूपर्यंत पोहोचला तर वाचण्याची आशा फार थोडी उरते. हे क्वचित घडतं. तरीही कोमट, साचलेल्या नैसर्गिक पाण्यात मी डोकं बुडवत नाही.

आणि दुसऱ्या टोकाला अंटार्क्टिकातलं व्हिलन्स सरोवर. सुमारे ८०० मीटर बर्फाखाली, कायमच्या काळोखात, गोठणबिंदूच्या आसपासचं पाणी. २०१३ च्या जानेवारीत तिथवर भोक पाडून पाणी वर आणलं, तर दर मिलिलिटरमध्ये सुमारे १ लाख ३० हजार पेशी. एवढ्या गार पाण्यात काय जगणार, या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही.

माझ्या झऱ्याकडे मी पुन्हा गेले, आणि मग जातच राहिले. ०.१ अंशाचा फरक दाखवणारा एक थर्मामीटर आणि एक वही, एवढंच सोबत. जमिनीखालचं पाणी त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या जवळपास असतं. म्हणून खरा झरा उन्हाळ्यात गार लागतो आणि हिवाळ्यात ऊबदार. पाणी तेच असतं, आपला हात बदलतो. ज्या झऱ्याचं तापमान बारा महिने हलत नाही, त्याचं पाणी दगडमातीतून सावकाश, दीर्घकाळ झिरपत आलेलं असण्याची शक्यता जास्त. आणि ज्याचं तापमान हवेबरोबर, पावसाबरोबर डोलतं, त्यात कुठून तरी वरचं पाणी न गाळता, थेट घुसतं. पाणी गार आहे की नाही यापेक्षा ते किती स्थिर आहे, हे विचारायला मी तिथे शिकले.

हिवाळ्यात आकडा ११.३. वसंतात ११.२. उन्हाळ्यात, तळपत्या दुपारी, ११.४. वहीतले हे तीन आकडे पाहून मला त्या झऱ्याबद्दल माया वाटायला लागली होती, आजारपण विसरून. मग एकदा रात्रभर पाऊस कोसळला आणि मी सकाळीच निघाले. थर्मामीटर खळग्यात धरला. आकडा ११ वर थांबला नाही, १२ वरही नाही. १३.१. पाणी अजूनही हाताला गार लागत होतं आणि डोळ्यांना फक्त किंचित धुरकट.

मी झऱ्याच्या वरच्या अंगाला चढले. आजवर तिकडे कधी गेले नव्हते. शंभरेक पावलांवर एक सखल जागा होती, गवत तुडवून गेलेलं, चिखलात खुरांचे ठसे आणि लेंड्यांचा सडा. पावसाचं पाणी त्यावरून ओघळत मधल्या दोन खडकांच्या मधे जात होतं. वाकून पाहिलं तर तिथे मुठीएवढं भोक होतं. कान लावला. आत, खाली, पाणी पडत असल्याचा आवाज येत होता.

उतरून आले तेव्हा खळग्याशी एक मुलगी गुडघे टेकून बसली होती. पाठीवरचं ओझं तिने काढलंही नव्हतं. हात पाण्यात घातला आणि पटकन मागे घेऊन हसली. "किती गार आहे हो," ती मला म्हणाली.

"थांब जरा," मी म्हटलं, आणि पिशवीतून स्टोव्ह बाहेर काढला.